आईची वही

पिंपरीच्या सिंधी वसाहतीस लोक अद्यापि ‘कॅम्प’ म्हणतात. छावणी म्हणजे आज उतरून उद्यां उठावयाची जागा. येथें मात्र तीन पिढ्या नांदल्या. 1936 पर्यंत सिंध प्रांत व पिंपरी गांव हीं दोन्हीं मुंबई इलाख्यांतच होतीं. 1947 मध्यें पंजाब व बंगाल यांची वांटणी झाली, पण सिंध सबंध पाकिस्तानांत गेला. सिंधी निर्वासितांस आपल्या भाषेचा म्हणून एखादा जिल्हाही इकडे उरला नाहीं. 1967 सालीं त्या भाषेस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत स्थान मिळालें. घरांत मिळालें कीं नाहीं, हा प्रश्न निराळा.

आमच्या परिचयाच्या एका घरीं वृद्ध आई बाळपणच्या आठवणी वहींत लिहून ठेविते. तींत सिंधमधील हैदराबादचीं घरें आहेत, त्यांच्या छपरांवरचे वारा खालीं उतरविणारे झरोके आहेत. लिपी अरबी वळणाची, बावन्न अक्षरांची. दुकानदार मुलास त्यांतलें एकही येत नाहीं. ‘ही वही वाचणार कोण?’ असें तो विचारतो, आणि ती मुकाट्यानें पान उलटते.

मुलगा निष्ठुर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. त्यास मराठी शाळेंत तिनेंच धाडिलें. पोटास हीच भाषा लागणार, हें तिनेंच ओळखिलें. शिवाय सिंधूच्या पल्ला मासळीची चव येथें नाहीं, पवनेस सिंधूची सर नाहीं, हें तो जन्मभर ऐकत आला. तो तर पवनेकांठींच जन्मला! 1954 सालीं स्थापन झालेला पेनिसिलिनचा कारखाना, मागाहून आलेले मोटारींचे कारखाने, यांतील कामगारांच्या गिऱ्हाइकीवर त्यानें दुकान उभें केलें. आईची प्रत्येक आठवण त्यास आपल्या गांवाविरुद्ध दिलेल्या निकालासारखी लागते.

येथें त्याची समजूत चुकते, असें आमचें मत आहे. सासरीं गेलेल्या मुलीस माहेर निदान सणावारीं भेटतें. हिचें माहेर सरहद्दीपलीकडे राहिलें; तें बोलण्यावांचून दुसरीकडे कोठें भेटणार?

या वयांत त्यानें नवी लिपी शिकावी, असा उपदेश आम्ही शिक्षक असूनही करणार नाहीं. परंतु सिंधी देवनागरींतही लिहितात. दुकान बंद झाल्यावर आईनें वाचावें, मुलानें रोज अर्धें पान बाळबोध अक्षरांत उतरून घ्यावें. सिंधींत चार वर्ण श्वास आंत घेतल्यासारखे उच्चारितात. देवनागरींत त्यांसाठीं ग, ज, ड व ब यांखालीं रेघ देतात. ती रेघ कोठें द्यावयाची, हें त्यास ओळीओळीस आईलाच विचारावें लागेल.