गोगलगाय अन् पोटात पाय

पावसाळा ओसरून समुद्र निवळला की मुरगावनजीकच्या ग्रँड बेटापाशी, मालवणच्या किनाऱ्यावर आणि मुरुडेश्वरसमोरील नेत्राणी बेटाभोवती हौशी पाणबुड्यांची वर्दळ सुरू होते. पाठीवर हवेची टाकी, हातात पाण्याखाली चालणारा कॅमेरा, अशा थाटात उतरणारी ही तरुण मंडळी समुद्राच्या तळाचे जे दर्शन आम्हां कोरड्या पायांच्या माणसांना घडवितात, त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. त्यांच्या छायाचित्रांत बिनशंखाच्या सागरी गोगलगायींना, म्हणजे ज्यांस इंग्रजीत ‘सी स्लग’ म्हणतात त्यांना, मानाचे स्थान असते. हे प्राणी बहुधा बोटाच्या पेराएवढे असतात, पळून जात नाहीत आणि त्यांचे रंग पैठणीच्या काठापदराला लाजवतील असे असतात. छायाचित्र निघाले की त्याखाली तत्काळ नाव लिहिले जाते. ते नाव कशाच्या आधारावर लिहिले जाते, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

गोगलगायीच्या नावाने असे काय अडते, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. फिलिडिया व्हॅरिकोसा नावाची एक गोगलगाय स्वसंरक्षणार्थ जे विष अंगावाटे सोडते, ते ती खात असलेल्या स्पंजातून तिच्याकडे येते, हे हवाई बेटांवरील रसायनशास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवून दिले. त्याच वर्गातील काही संयुगांमध्ये हिवतापाच्या जंतूला मारण्याचा गुण प्रयोगशाळेत पुढे आढळून आला. आता कल्पना करा की, रसायन एका जातीचे आणि नाव दुसरीचे, अशी नोंद झाली. पुढचा संशोधक भलत्याच प्राण्यामागे वर्षे घालवील. हीच गोष्ट किनाऱ्याच्या हिशेबाची. बंदराचा विस्तार, गाळ उपसणे, पाण्याचे वाढते तापमान यांमुळे समुद्राचे काय गमावले हे उद्या ठरवायचे, तर आज तेथे कोण नांदत होते याची यादी खरी असली पाहिजे. खोट्या यादीवरून खरा तोटा सिद्ध करता येत नाही, आणि तो नाकारणाऱ्यांचे तेवढे फावते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. वर उल्लेखिलेली व्हॅरिकोसा काळ्या अंगाची, निळसर करड्या उंचवट्यांची, पिवळ्या गाठींची. तिची भावंड शोभेल अशी फिलिडिया सीलेस्टिस हीही काळी, निळी, पिवळीच. दोघींना वरून पाहणारा सहज फसावा. त्यांच्यातील एक भरवशाची खूण म्हणजे तळपायावरून जाणारी काळी रेघ. ती पहिलीला असते, दुसरीला नसते. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण साळसूद दिसणाऱ्या माणसांसाठी वापरतो, पण येथे ती अक्षरशः खरी ठरते. ओळखीचा दाखला पोटाखालच्या पायावर आहे आणि पाणबुड्याचे छायाचित्र बहुधा पाठीचे असते!

रंगाची साक्ष तर याहून कच्ची. पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा रंग प्रथम शोषून घेते, त्यामुळे काही मीटर खोलीवर तांबडे तपकिरी वा काळपट भासते. कॅमेऱ्याच्या दिव्याने तो रंग परत आणता येतो, पण किती आणि कसा, हे दिव्यावर, अंतरावर आणि घरी परतल्यावर होणाऱ्या सफाईवर अवलंबून राहते. शिवाय निसर्गही येथे सरळ वागत नाही. विषारी जातींचे भडक रंग हा माशांना दिलेला इशारा असतो आणि एकाच भागात राहणाऱ्या वेगवेगळ्या जाती तोच इशारा उचलतात. हिप्सेलोडोरिस या गणावरील संशोधनातून २०१८ साली तब्बल १७ नव्या जाती जाहीर झाल्या. त्यांतील हिप्सेलोडोरिस इबा हिची दोन अगदी वेगळ्या रंगांची रूपे आनुवंशिक तपासणीत एकाच जातीची ठरली, आणि त्यांतील जांभळे रूप मात्र बुलॉकी या दुसऱ्याच जातीसारखे दिसते. सारखे दिसणारे परके आणि वेगळे दिसणारे सख्खे, असा हा मामला आहे. ज्याला निव्वळ डोळ्यांच्या भरवशावर निवाडा द्यायचा आहे, त्याने येथे दोनदा विचार करावा.

ज्यांच्या हाती प्रत्यक्ष प्राणी असतो ते कसे वागतात हेही पाहण्यासारखे आहे. जपानमधील नारा महिला विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०२१ साली एक अद्भुत गोष्ट जगापुढे मांडली. एलिसिया गणातील काही गोगलगायी आपले डोके धडापासून स्वतःच वेगळे करतात आणि त्या डोक्याला सुमारे तीन आठवड्यांत हृदयासह नवे धड फुटते. या वार्तेने सर्वत्र खळबळ उडाली. पण त्यांच्या निबंधात त्यांतील एका प्राण्याचे नाव कसे छापले होते? ‘एलिसिया मार्जिनाटा’ असे नव्हे, तर त्या नावाच्या मध्ये ‘तुलना करा’ या अर्थाचे लघुरूप घालून, म्हणजे ‘मार्जिनाटासदृश’. प्राणी प्रयोगशाळेत डोळ्यांपुढे असताना, त्याचे डोके धडावेगळे होताना पाहिलेले असताना, ज्यांनी ‘सदृश’ हा शब्द लिहिण्यात कमीपणा मानला नाही, त्यांच्यापुढे एका छायाचित्रावरून छातीठोकपणे नाव सांगणाऱ्यांनी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.

म्हणून छायाचित्रे कुचकामाची, असा निष्कर्ष काही पंडित काढतात. तोही आम्हांस मान्य नाही. मद्यार्कात ठेवलेल्या गोगलगायीचे रंग उडून जातात आणि उरतो तो फिकट गोळा. त्याची दंतपट्टी आणि प्रजननेंद्रिये तपासता येतात, पण जिवंतपणी ती कशी दिसत होती ते तो सांगू शकत नाही. म्हणजे देहाविना चित्र अपुरे आणि चित्राविना देह अपुरा. आपल्या देशात हे कधीच उमगले होते. १८२४ साली राणी चन्नम्माच्या कित्तूरात जे इंग्रज अंमलदार कैद झाले, त्यांत वॉल्टर एलियट नावाचा एक तरुण होता. राज्यकर्ता म्हणून त्याची बाजू कोणती होती हे सांगावयास नको. पण निरीक्षक म्हणून तो पक्का होता. पुढे पूर्व किनाऱ्यावर वॉल्तेर येथे त्याने सागरी गोगलगायी गोळा केल्या आणि स्थानिक चित्रकारांकडून त्यांची रंगीत चित्रे काढून घेतली. नमुने आणि चित्रे एकत्र हाती आल्यामुळेच ऑल्डर आणि हॅन्कॉक या दोघा इंग्रज अभ्यासकांना १८६४ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध करता आले. त्यांतील एका नव्या गणाला ‘कलिंग’ हे आपल्या भूमीचे नाव मिळाले. त्या चित्रकारांच्या कुंचल्याचे काम आज पाणबुड्यांचा कॅमेरा करू शकतो, आणि अधिक सफाईने करू शकतो.

मात्र त्यासाठी शिस्त हवी. एकाच देखण्या छायाचित्राऐवजी वरून, बाजूने, डोक्यावरील शिंगांचे आणि कल्ल्यांच्या झुपक्याचे, अशी चार छायाचित्रे घ्यावीत. प्राण्याला उचलून उलटेपालटे करू नये, पण तो स्वतः कडेवर चढून पाय दाखवील तर ती संधी दवडू नये. तारीख, ठिकाण, खोली, अंदाजे लांबी आणि तो कोणत्या स्पंजावर वा शेवाळावर बसला होता, हे त्याच दिवशी टिपून ठेवावे. सफाई न केलेले मूळ छायाचित्र जपावे. आणि खात्री नसेल तेथे गणाचे नाव लिहून पुढे ‘सदृश’ म्हणावे. आज छायाचित्र पाहून क्षणात नाव सुचविणारी यंत्रे आली आहेत. परंतु माणसांनी आधी नावे दिलेल्या छायाचित्रांवरच ती शिकतात. एकाने उतावीळपणे लिहिलेले चुकीचे नाव यंत्र हजारांना शिकविते, आणि ते हजार जण पुन्हा यंत्राला पुरावा पुरवितात.

दुसरी बाजू संस्थांची. दोनापावल येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, विद्यापीठ आहे, मुंबईला १८८३ पासूनची निसर्ग इतिहास संस्था आहे. पाणबुड्यांची छायाचित्रे आणि रीतसर परवानगीने घेतलेले मोजके नमुने एकाच क्रमांकाखाली जोडून ठेवणारी कोकण, गोवा व कारवार किनाऱ्याची एक कायम नोंदवही या संस्थांनी एकत्र येऊन चालवावी. तिच्यात शंकेच्या नोंदींना वेगळा रकाना असावा आणि त्या रकान्यात नाव येणे हा कमीपणा समजला जाऊ नये. याला फार मोठा निधी लागणार नाही. लागेल ती चिकाटी.

‘ठाऊक नाही’ या उत्तराला आपल्या समाजात मान नाही. शाळेपासून सभागृहापर्यंत ठाम बोलणाऱ्यालाच टाळी मिळते. समुद्राच्या तळाशी एका स्पंजावर बसलेला पेराएवढा जीव या सवयीला आव्हान देतो आहे. त्याचे नाव आज कळले नाही तरी तो जगेल. पण आज चुकीचे लिहिले गेलेले नाव पुढच्या पिढीला पुसावे लागेल, आणि ज्याची नोंद भलत्याच नावाने झाली तो जीव नाहीसा झाला, तर त्याची उणीवही कोणाच्या ध्यानी येणार नाही.