चार दिवसांचें बँकॉक आणि घरांतील वडील मंडळी

मोरिवलीच्या एका सुशिक्षित कुटुंबाकडून आमच्याकडे प्रश्न आला आहे. घरांत लहानथोर मिळून नऊ माणसें आहेत. नातवंडांच्या दिवाळीच्या सुट्टींत चार दिवस बँकॉकला जाऊन तेथील देवळें पाहावींत आणि चार नवे पदार्थ चाखावेत, असा मुलांचा व सुनांचा बेत आहे. आजीआजोबा मात्र म्हणतात, "तुम्ही जाऊन या. तेथें मासळीवांचून पान हालत नाहीं, आणि आमचे पायहि आतां साथ देत नाहींत." तेव्हां त्यांना घरीं ठेवून जावें काय, आणि न्यावयाचें झाल्यास बेत कसा आंखावा, हा प्रश्न.

आमचें उत्तर प्रारंभींच सांगतों. न्यावें. तीं यावींत म्हणून त्यांची मनधरणी करावी, आणि तीं येतील अशा बेतानेंच सर्व प्रवास आंखावा. हें केवळ मातृपितृभक्तीस्तव सांगत नाहीं. ज्याला थोडें संस्कृत येतें आणि रामायण तोंडपाठ आहे, त्याच्याशीं हें शहर जितकें बोलतें तितकें तरुणांशीं बोलत नाहीं. आजोबांना घरीं ठेवून बँकॉकला जाणें म्हणजे दुभाष्याला घरीं ठेवून परदेशीं जाणें होय.

बँकॉक हें नांव परकीयांच्या तोंडचें. थाई लोक आपल्या राजधानीस 'क्रुंग थेप महानखोन' म्हणतात. थेप म्हणजे देव आणि महानखोन म्हणजे महानगर. याच्या पुढें जें औपचारिक नांव चालू होतें, तें जगांतील सर्वांत लांब स्थलनाम समजलें जातें. त्यांत अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, विमान, अवतार, शक्र आणि शेवटीं विश्वकर्मा एवढे सगळे शब्द थाई उच्चारांत ओंवले आहेत. उच्चाराची किल्ली सोपी आहे. शब्दाच्या अंतीं र किंवा ल असला तर त्याचा न होतो. नगर याचें नखोन, आहार याचें आहान, फल याचें फोन. ही एवढी किल्ली नातवंडांना विमानांतच शिकवावी. मग खानावळीच्या पाटीवरील 'रान आहान' म्हणजे आहाराचें दुकान, हें त्यांना आपोआप उलगडेल. 'सवातदी' हें अभिवादन 'स्वस्ति' शब्दावरून बनविलेलें असून १९४३ सालीं तें सरकारी रीतीनें रूढ करण्यांत आलें. विमानतळाचें नांव 'सुवर्णभूमि'. परतीच्या वेळीं पासपोर्टची तपासणी ओलांडली कीं समोरच देवदैत्यांच्या समुद्रमंथनाचें भव्य शिल्प दिसतें. तेथें आजीनें नातवाला कथा सांगावयास दहा मिनिटें हातीं राहतील, इतक्या लौकर विमानतळावर पोहोंचावें.

आतां जेवणाचा प्रश्न. याच एका प्रश्नापायीं पुष्कळ घरांतील वडील मंडळी मागें राहतात, म्हणून त्याचा विचार सविस्तर करूं.

आजीआजोबांची शंका निराधार नाहीं. थाई स्वयंपाकांत मिठाच्या ठिकाणीं बहुधा 'नाम प्ला' म्हणजे माशाचें पाणी घालतात. कच्च्या पपईची 'सोम तम' नांवाची कोशिंबीर दिसावयास निखळ शाकाहारी. पण खलबत्त्यांत कुटतांना तींत हें पाणी आणि सुकी कोळंबी पडते. कालवणाच्या वाटणांत कोळंबीचें 'कापि' असतें. म्हणून डोळ्यांनीं पाहून पदार्थ ठरवूं नये, विचारूनच घ्यावा. "आम्ही मांस खात नाहीं" एवढेंच सांगितल्यानें काम भागत नाहीं, कारण माशाचें पाणी हें पुष्कळांच्या लेखीं मांस नव्हेच.

याला उपाय त्याच भाषेंत आहे. एक शब्द 'मांगसविरत'. हा आपला मांसविरति. यांत अंडें व दूध चालतें. दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा, तो 'जे'. चिनी वंशाच्या बौद्धांचा हा आहारनियम आहे. त्यांत मांस, मासे, अंडीं, दूध तर वर्ज्य आहेतच, शिवाय कांदा, लसूण व तशा उग्र भाज्याहि वर्ज्य आहेत. चातुर्मासांत कांदालसूण न खाणाऱ्या घरास याहून जवळचा नियम परदेशांत क्वचितच सांपडेल. ज्या दुकानावर पिवळ्या पताकेवर तांबड्या रंगांत 'जे'चें अक्षर असेल, तेथें निःशंकपणें बसावें. मात्र आजीला आधीं सांगून ठेवावें कीं, तेथें सोयाबीन व गव्हाच्या सत्त्वाचे, बदकाच्या किंवा मांसाच्या आकाराचे पदार्थ मिळतात. आकार मांसाचा, वस्तु धान्याची. ज्यांना आकाराचाहि संकोच वाटतो त्यांनीं भाजी, टोफू आणि भात घ्यावा.

चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत तेथें 'जे'चा उत्सव असतो. तो पुष्कळ वर्षीं आपल्या नवरात्राच्याच सुमारास येतो. तेव्हां याओवरात या चिनी पेठेंत जिकडेतिकडे पिवळ्या पताका लागतात. ज्यांना नवरात्रांत घर सोडणें शक्य असेल, त्यांना जेवणाच्या दृष्टीनें याहून सोपे दिवस नाहींत.

साध्या दुकानांत 'माइ साइ नाम प्ला' म्हणजे माशाचें पाणी घालूं नका, हें वाक्य पाठ असावें. त्याच्याच जोडीला 'माइ साइ खाइ' हेंहि. येथें नातवंडें हंसतील, पण थाई भाषेंत 'खाइ' म्हणजे अंडें. हीं दोन्हीं वाक्यें थाई लिपींत लिहून घेऊन मोबाईलवर दाखवावींत, म्हणजे उच्चाराचा घोटाळा होणार नाहीं.

गोडाचें प्रकरण विशेष सांगण्याजोगें आहे. 'खनोम तोम' म्हणून एक पदार्थ आहे. चिकट तांदळाच्या पिठाच्या पारींत गूळखोबऱ्यासारखें सारण भरतात, गोळे पाण्यांत उकडतात आणि वरून खोवलेल्या नारळांत घोळवितात. हा मोदकाचा भाऊ, फक्त कळ्या पाडलेल्या नाहींत. तेथेंहि तो देवाच्या नैवेद्यास लागतो. 'खनोम क्रोक' हा नारळाच्या दुधाचा व तांदळाच्या पिठाचा पदार्थ थेट आपल्या आप्पेपात्रासारख्या भांड्यांत करतात. पिकलेला आंबा, चिकट भात आणि नारळाचें दूध यांचें पक्वान्न तर प्रसिद्धच आहे. परंतु सुतरफेणीसारखे दिसणारे सोनेरी तंतू, ज्यांना 'फोइ थोंग' म्हणतात, ते पाकांत सोडलेल्या अंड्याच्या बलकाचे असतात. पोर्तुगीजांच्या संसर्गानें ही मिठाई सयामांत आली. तिच्यापासून शाकाहारी मंडळींनीं दूर राहावें.

एवढें असूनहि वडील माणसांना रोज एक वेळ घरचा वरणभात पोटांत गेला तर बरें वाटतें. म्हणून साध्या खोलीऐवजीं लहान स्वयंपाकघर असलेलें बिऱ्हाड भाड्यानें घ्यावें. नऊ माणसांस तें स्वस्तहि पडतें. बरोबर तुरीची डाळ, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि थोडा चिवडा, एवढें पुरे. सकाळची न्याहारी व रात्रीचा भात बिऱ्हाडीं, दुपारचें जेवण बाहेर, असा नियम ठेवावा. पिशव्या भरभरून दशम्या नेणें आणि परक्या देशाचा एक घांसहि न घेतां परत येणें, यांत सोंवळ्यापेक्षां आळसच अधिक दिसतो.

दिवसांची वांटणी पुढीलप्रमाणें करावी. पहिला दिवस पोहोंचण्याचा. मुंबईहून विमानास सुमारें साडेचार तास लागतात, आणि तेथील घड्याळ आपल्यापुढें दीड तास आहे. त्या दिवशीं विसांवा घेऊन सायंकाळीं चाओ फ्राया नदींतून नेहमींच्या उतारूंच्या बोटींतून एक फेरी मारावी. बसल्या जागीं शहर दिसतें, पायांस श्रम नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठास राजवाडा उघडतांच आंत असावें. १७८२ सालीं पहिल्या रामराजानें ही राजधानी वसविली, तेव्हांपासूनचा हा वाडा आहे. त्याच्या आवारांतील पाचूबुद्धाची मूर्ति हिरव्या पाषाणाची असून तिची वस्त्रें ऋतुमानाप्रमाणें वर्षांतून तीनदां बदलतात. भोंवतालच्या ओवरीच्या भिंतींवर 'रामकिएन' म्हणजे थाई रामायण १७८ चित्रांत रंगविलें आहे. येथें आजोबांनीं पुढें व्हावें. 'थोत्सकान' म्हणजे दशकंठ, 'सीदा' म्हणजे सीता, 'फ्रा लाक' म्हणजे लक्ष्मण. मात्र त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाहीं. सेतु बांधतांना रावणाची मुलगी सुवर्णमत्स्या त्याला भेटते व त्यांचा विवाह होतो. हें पाहून रागावूं नये. एकच कथा दोन देशांच्या अंगणांत वाढली कीं तिची चाल बदलते, हें नातवंडांस समजावण्याची ही संधि आहे. खांदे व गुडघे झांकणारीं वस्त्रें येथें सक्तीचीं आहेत. वाड्याबाहेर कोणी "आज वाडा बंद आहे, दुसरें देऊळ दाखवितों" असें म्हणूं लागल्यास त्याच्या रिक्षांत बसूं नये. ती स्वारी शेवटीं जवाहिऱ्याच्या दुकानांत जाते.

तेथून जवळच 'वाट फो' म्हणजे बोधीचा विहार. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब असून त्याच्या तळव्यांवर शिंपल्याच्या जडावानें १०८ मंगल चिन्हें काढलीं आहेत. आवारांत आसनें घातलेल्या ऋषींचे पुतळे आहेत. थाई वैद्यक आपला मूळपुरुष जीवक मानतें, तो बुद्धाचा वैद्य. यानंतर दुपारीं बिऱ्हाडीं परतून निजावें. सायंकाळीं होडीनें पलीकडे 'वाट अरुण' पाहावें. चिनी मातीच्या तुकड्यांनीं मढविलेलें तें शिखर उतरत्या उन्हांत फार शोभतें. वरच्या पायऱ्या उभ्या चढणीच्या आहेत. तरुणांनीं चढावें, वडिलांनीं खालच्या पारावर बसून पाहावें.

तिसरा दिवस 'देवस्थान' या स्थळाचा. शब्द आपलाच, अर्थहि आपलाच. १७८४ सालीं बांधलेल्या या ब्राह्मणमंदिरांत शिव, गणेश व विष्णु यांचीं तीन देवालयें आहेत. राजाचे ब्राह्मण पुरोहित अद्यापि येथें आहेत. २०१९ च्या राज्याभिषेकांतहि त्यांनीं विधि केले. त्यांच्या पूजेंत प्राचीन तमिळ स्तोत्रेंहि म्हणतात. समोरच्या अवाढव्य तांबड्या झोपाळ्यावर पूर्वीं उत्सव होत असे, तो १९३५ नंतर बंद पडला. मंदिराचे दरवाजे कोणत्या वारीं उघडतात हें आधीं विचारून घ्यावें. दुपारचें जेवण फाहुरात या कापडपेठेंत घ्यावें. शिखांच्या गुरुद्वाराभोंवतीं तेथें हिंदी माणसांचीं शाकाहारी उपाहारगृहें आहेत. सायंकाळीं याओवरात.

चौथा दिवस मुलांच्या सुनांच्या पसंतीस सोडावा. बाजारहाट, मोठीं दुकानें, हवें तें. ज्यांना उत्साह असेल त्यांनीं ८० किलोमीटरवरील अयुध्येस, म्हणजे त्यांच्या अयोध्येस, जाऊन यावें. १३५१ पासून राजधानी असलेलें तें नगर १७६७ सालीं ब्रह्मी सैन्यानें जाळलें. त्या दिवशीं वडिलांनीं विश्रांति घेतली तर कोणी वाईट मानूं नये. दिवसास दोनपेक्षां अधिक मोठीं स्थळें न पाहणें, हाच या बेताचा कणा आहे.

कांहीं सूचना. ऑक्टोबरअखेरपर्यंत तेथें पाऊस असतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास नदींत दिवे सोडण्याचा 'लोइ क्रथोंग' असतो. तो साधला तर त्रिपुरी पौर्णिमेचें समाधान परदेशांत मिळेल. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकीट काढण्याच्या वेळीं दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहावेत. १ मे २०२५ पासून प्रवेशाची माहिती आधींच इंटरनेटवर भरणें सक्तीचें झालें आहे. राजघराण्याविषयीं थट्टेनेंहि बोलूं नये, कारण तेथील कायदा त्या बाबतींत कडक आहे. भिक्षूंना स्त्रियांनीं स्पर्श करूं नये, आणि बसतांना तळवे बुद्धमूर्तीकडे करूं नयेत. औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातच्या पिशवींत असावींत.

शेवटीं एक तयारी घराजवळच करण्याजोगी. निघण्यापूर्वीं एका रविवारीं सर्वांनीं अंबरनाथ स्टेशनपासून शिवमंदिरापर्यंत पायीं जावें, तास दोन तास मंदिर पाहावें आणि परत यावें. आजोबांना किती चालवतें व किती वेळां बसावें लागतें, हें त्या एका फेरींत कळेल आणि त्यावरून बँकॉकचे दिवस बेतशीर आंखतां येतील. शके ९८२ चें, म्हणजे इसवी सन १०६० चें, हें शिलाहारांचें देवालय. त्याच्या भिंतींवरील मूर्ति ओळखावयास मुलांना तेथेंच शिकवावें. ज्यानें घराशेजारचें मंदिर नीट पाहिलें, त्यालाच दूरचें मंदिर दिसतें. इतरांना तीं केवळ छायाचित्रें काढण्याचीं स्थळें राहतात.

तेव्हां तिकिटें काढण्यापूर्वीं घरांत सर्वांची एक बैठक भरवावी, वरील बेत वडिलांसमोर ठेवावा आणि तिकिटें नऊच काढावींत, सात नव्हेत.