जखम नाही, म्हणून संमती?

बलात्काराच्या खटल्याची बातमी आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्या-तिसऱ्या मेसेजलाच कुणीतरी विचारतं, ‘मग ती ओरडली का नाही?’ विचारणारी माणसं वाईट नाहीत. पण याच प्रश्नावर एकदा आरोपी सुटले आहेत.

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे जबरदस्ती नाही, असा तर्क होता. वर्दीतल्या माणसापुढे भीतीनेही आवाज जातो, हे न्यायालयाला पटलं नाही.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कुणी काहीच निवडलं नाही तर यंत्रणा काय धरून चालते, त्याला आम्ही ‘डिफॉल्ट’ म्हणतो. या कलमाने तोच बदलला. कोठडीतल्या बलात्कारासारख्या प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीने न्यायालयात सांगितलं, तर तेच गृहीत धरायचं. उलट सिद्ध करणं आरोपीचं काम. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने सर्वच प्रकरणांसाठी स्पष्ट केलं, की केवळ शारीरिक विरोध केला नाही म्हणून संमती ठरत नाही.

१९७९ मध्येच पाकिस्तानात झियांचा हुदूद अध्यादेश आला. बलात्काराच्या हद्द शिक्षेसाठी त्याने चार मुस्लिम पुरुष साक्षीदार मागितले. काही तक्रारदार स्त्रियांवरच व्यभिचाराचे खटले चालले. सूरह नूरमध्ये चार साक्षीदार मागितले आहेत ते स्त्रीच्या चारित्र्यावर आळ घेणाऱ्याकडे. तिच्या संरक्षणाची अट तिच्याच विरोधात वापरली गेली. बलात्काराचा गुन्हा त्या अध्यादेशातून बाहेर यायला २००६ उजाडलं.

चार साक्षीदारांची अट आपल्याला लगेच खटकते. जखम मागणं मात्र खटकत नाही. खरं तर तोही साक्षीदार मागण्याचाच प्रकार आहे.

पुराव्याशिवाय वर्षानुवर्षं तुरुंगात राहणं काय असतं, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. म्हणून संशयाचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे. पण तो संशय पुराव्यातून यावा, ‘चांगली बाई कशी वागते’ या आपल्या समजुतीतून नव्हे.

पुढच्या वेळी ग्रुपवर तो प्रश्न आला की मी गप्प बसणार नाही. ‘ती ओरडली का’ हे विचारण्याआधी ‘तिने होकार दिला होता का’ हे विचारा, एवढंच लिहीन.