शब्दाची सीमा आणि ‘जादा’ काम

वणीत घर बांधायचे म्हणजे प्रथम काळ्या मातीशी बोलणी करावी लागतात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. म्हणून पाया खालच्या कठीण मुरमापर्यंत न्यावा लागतो. तो मुरूम चार फुटांवर लागेल की आठ, हे खणल्याशिवाय कळत नाही. काही वर्षांपूर्वी आमचे घर बांधताना चौरस फुटाचा दर ठरला, इसार दिला गेला, कागदावर सह्याही झाल्या. पायाच्या खोलीचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. पाया सात फूट खाली गेला. पुढे मी गच्चीचा कठडा उंच करून घेतला, घरच्यांनी स्वयंपाकघरात आणखी एक ओटा सुचविला. प्रत्येक वेळी माझे वाक्य एकच होते : “तेवढे करून टाका, नंतर बघू.”

ते ‘नंतर’ शेवटच्या हिशेबात उगवले. ठेकेदाराने जादा कामाचे बिल पुढे ठेवले आणि मी चकित झालो. माझे चकित होणे पाहून तो दुखावला. त्याने मजुरांची मजुरी केव्हाच चुकती केली होती. मी घासाघीस केली, त्याने रक्कम सोडली, आणि घराला चांगला भिंतीआड असलेला स्नेह मात्र तुटला. तो लबाड नव्हता आणि मीही त्याला बुडवायला निघालो नव्हतो. आम्ही फक्त ठरलेले काम कोठे संपते, हे ठरवले नव्हते.

व्यवहारातले बहुसंख्य तंटे असेच जन्मतात. ‘जादा काम’ म्हणजे नेमके काय? सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निकाल या प्रश्नाच्या दोन बाजू स्वच्छ दाखवितात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी तूप खरेदी करून पुरविणाऱ्या अडत्यांनी, युद्धामुळे खर्च वाढला म्हणून ठरल्यापेक्षा अधिक मोबदला मागितला. १९६० साली न्यायालयाने तो नाकारला. परिस्थिती प्रतिकूल झाली, काम महाग पडले, म्हणून करार आपोआप बदलत नाही, हे त्यातील सूत्र. दुसरे प्रकरण बंगालमधले. १९४४ मध्ये अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून एका ठेकेदाराने सरकारी पुरवठा खात्यासाठी कच्चा रस्ता आणि इतर बांधकामे केली. विधिवत करार नव्हता, म्हणून सरकारने पैसे नाकारले. १९६१ च्या निकालात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या, ७० व्या कलमाचा आधार घेऊन ठेकेदाराला न्याय दिला. काम फुकट करण्याचा हेतू नसेल आणि दुसऱ्याने ते नाकारण्याची मोकळीक असूनही स्वीकारून त्याचा लाभ घेतला असेल, तर भरपाई द्यावी लागते.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की व्याख्या हाती येते. जड झालेले काम हे जादा काम नव्हे. वेगळे काम हे जादा काम. ठरलेली भिंत बांधताना विटा महागल्या, तर तो सामान्यतः ठेकेदाराचा धोका. मालकाने नवी भिंत सांगितली, तर ती मालकाची जबाबदारी. आमच्या पायाचे उत्तरही यातच होते. ‘मुरूम लागेपर्यंत’ असे लिहिले असते तर सातवा फूट ठेकेदाराचा. ‘चार फूट’ लिहिले असते तर पुढचे तीन फूट माझे. काहीच लिहिले नाही, म्हणून ते दोघांचेही नव्हते आणि भांडण मात्र दोघांचे झाले.

सरकारी बांधकामांच्या करारनाम्यात हा विचार फार पूर्वीच झाला आहे. बदल किंवा वाढ करण्याचा अधिकार अभियंत्याला असतो, पण आदेश लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. निविदेत नसलेल्या बाबीचा दर कसा ठरवायचा, याची रीत त्यातच असते. जमिनीत किंवा भिंतीत गडप होणारे काम झाकण्यापूर्वी सूचना देऊन मोजून घ्यावे लागते. एकदा माती ओढली की सत्य पायाबरोबर पुरले जाते!

अर्थात, नियम छापले म्हणजे शिस्त आली असे नाही. गोसीखुर्द प्रकल्पाचा मूळ अंदाज १९८३ मध्ये ३७२ कोटी रुपयांचा होता. २०१६ च्या सुधारित मान्यतेत तो १८ हजार कोटींच्या पुढे गेला. यात महागाई आहे, भूसंपादन आणि पुनर्वसन आहे, दीर्घ विलंब आहे. सगळी वाढ खोटी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु कोणती वाढ अटळ आणि कोणती घुसडलेली, हे सामान्य नागरिकाला कळेनासे होते, तेथेच गैरव्यवहाराला जागा मिळते. राज्यातील सिंचनाच्या कामांची चौकशी करण्यासाठी २०१२ च्या अखेरीस माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमावे लागले. आणि शेतकरी? तो कोरड्या पाटाकडे पाहत राहिला.

काही सज्जन विचारतील : ओळखीच्या माणसाकडून असे लिहून घेणे हा अविश्वास नव्हे काय? मला उलटे वाटते. शब्द पाळायचा असेल तर तो नेमका कोणता, हे दोघांनाही सारखेच आठवले पाहिजे. स्मरणशक्ती स्वार्थाच्या बाजूने झुकते, कागद झुकत नाही. आणि लेखी नसलेल्या व्यवहारात मार खातो तो बहुधा दुबळा पक्ष : छोटा ठेकेदार, मिस्त्री, सुतार. कोर्टाची पायरी चढण्याइतका पैसा आणि वेळ त्याच्याकडे नसतो.

आपल्यापैकी अनेकजण शाळा, वसतिगृहे, मंदिरे यांच्या बांधकाम समित्यांवर काम करतात. तेथे ‘हे तर समाजाचे काम, तेवढे करून द्या’ हे वाक्य फार सहज निघते. ज्याला दान द्यायचे आहे तो देईल; पण दुसऱ्याच्या घामातून न विचारता काढून घेतलेल्या दानाला पुण्य लागत नाही. यासाठी वकील नको, एक वही पुरे. काम कोणते, कोठवर, बदल सांगितला कोणी, दर काय, दिवस कोणता आणि खाली दोघांच्या सह्या. काम सुरू होण्यापूर्वी, ‘नंतर’ नव्हे.

आमच्या घराच्या भिंतीला अजून भेग नाही. त्या माणसाने पाया प्रामाणिकपणे सात फूट नेला होता. त्यातील तीन फुटांचा हिशेब मी त्याच्या घरी जाऊन, उशिरा का होईना, पुरा केला. तेव्हा तो एवढेच म्हणाला, “भाऊ, हे आधी लिहिलं असतं तर मधली दोन वर्षं तुमच्याकडे चहाला आलो असतो.”