मखमल आणि आमची काटकसर

चिखलदऱ्यास हवापालटासाठी आलेली सुशिक्षित मंडळी गाविलगड पाहावयास गेली की एक वाक्य हमखास कानी पडते: "राज्ये मखमलीत लोळली आणि बुडाली." वाक्य टाळ्या घेण्याजोगे आहे, म्हणूनच ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हा गड १५ डिसेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला, तो वेलस्लीच्या तोफांमुळे, मखमलीमुळे नव्हे. त्यापूर्वी तो बहामनी राज्यात होता. वजीर महमूद गवान याने वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन भाग केले. हा गवान मूळचा गिलानचा व्यापारी. १४८१ मध्ये त्याचा वध झाला. तत्पूर्वी त्याचे आडते कापड घेऊन तुर्कस्तानातील बुर्सा शहरापर्यंत जात, हे तेथील न्यायदप्तरांवरून इतिहासकार हलील इनालजिक यांनी दाखविले आहे. आणि बुर्सा म्हणजे उस्मानी मखमलीचे माहेरघर! सोळाव्या शतकात ही मखमल ऐन भरात होती, आणि ते राज्यही त्याच शतकात ऐन भरात होते. ते पुढे १९२२ पर्यंत टिकले. तेव्हा मखमलीने राज्य बुडते हा सिद्धान्त येथेच निकालात निघतो.

मखमलीस निव्वळ चैन म्हणणाऱ्याने एकदा मागाकडे पाहावे. साध्या कापडास एक ताणा पुरतो. मखमलीस दुसरा लागतो. हा दुसरा ताणा बारीक सळ्यांवरून वळसे घेत जातो, आणि ते वळसे पात्याने कापले की लव उभी राहते. त्यामुळे लवेचा ताणा कापडाच्या कित्येक पट लांब घ्यावा लागतो. 'चातमा' नावाच्या प्रकारात लव नक्षीपुरती ठेवून भुई जरीने भरीत. हे कापड सुलतानांच्या अंगरख्यांस लागे, तसे तक्क्यांचे अभ्रे होऊन सधन नागरिकांच्या घरीही जाई. पुष्कळ अभ्र्यांत रेशमी लवेखाली सुती बाणा असे. म्हणजे काटकसर तेथेही होती, पण ती उघड होती.

मग हा धंदा खालावला कशाने? यंत्राने, हे दुसरे ठराविक उत्तर. त्यात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपचे स्वस्त कापड आले आणि बुर्सा कच्चे रेशीम परदेशी धाडू लागले. वऱ्हाडास ही कथा परकी नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत आमच्या कापसास अपूर्व भाव आला, गाठी विलायतेस गेल्या आणि कापड तिकडून आले. परंतु त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधी, १५०२ मध्ये, बुर्सात ताण्याचे धागे कमी होऊ लागल्याची चौकशी झाली व त्याविरुद्ध नियम करावे लागले. नाव तेच, झळाळी तीच, धागे मात्र कमी! यंत्र नव्हते, तरीही लबाडी होती; आणि ती चालते ती न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जोरावर.

ते गिऱ्हाईक मी स्वतः आहे. मुलीच्या लग्नात 'हिमरू' म्हणून मी एक शेला घेतला. भाव ऐकताच तो हातमागाचा नव्हे हे मला उमगले होते. मी दुकानदारास काहीच विचारले नाही, कारण खरे उत्तर मिळाले असते तर खर्च वाढला असता. मांडवात मात्र मी तो 'औरंगाबादी हिमरू' म्हणूनच मिरविला. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाचे हे वर्तन अपवादात्मक आहे, असे वाचकांनी छातीवर हात ठेवून सांगावे!

पैठणीस भौगोलिक मानांकन मिळाले, हे उत्तमच. पण घरात येणारे प्रत्येक वस्त्र सरकार उलटून पाहणार नाही. ते आपणच पाहिले पाहिजे. हाती विणलेल्या पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही अंगांनी सारखी दिसते. हिमरूच्या पाठीवर सुटे धागे तरंगतात, म्हणून तेथे केवळ पाठ पाहून भागत नाही. माग कोणता, रेशीम किती, हे तोंडाने विचारावे लागते. ऐपत नसेल तर यंत्राचे वस्त्र खुशाल घ्यावे, त्यात लाज नाही. मात्र त्यास हातमागाचे नाव देऊ नये. कारण ते नावच विणकराची उरलीसुरली मिळकत आहे, आणि ती फुकट वापरण्याचा अधिकार आमच्या काटकसरीस कोणी दिलेला नाही.