इमान एकतर्फी असू नये

कोरियाच्या नैर्ऋत्येकडील जिंदो बेटावरच्या शिकारी कुत्र्याला त्या देशाने १९६२ साली नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला आणि १९६७ साली त्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. १९९३ साली तेजोन शहरात विकली गेलेली अशीच एक पांढरी कुत्री सुमारे ३०० किलोमीटरांची वाट तुडवून, सात महिन्यांनी, हाडांचा सापळा होऊन जुन्या मालकिणीच्या दारी परतली. तिच्या इमानाचा देशभर गौरव झाला. बेटावर तिचा पुतळाही उभारला गेला. मात्र तिला विकले होते माणसानेच, याचा या गौरवात सर्वांना सोयीस्कर विसर पडला.

जिंदो हा सांगकाम्या प्राणी नव्हे. स्वतःच्या बुद्धीने सावज हेरणारा हा कुत्रा बहुधा एकाच धन्याला मानतो, परक्याला सहजी जवळ येऊ देत नाही आणि संधी मिळताच कुंपण ओलांडतो. त्याला रोजची दीर्घ रपेट हवी, पिल्लूपणापासून माणसांची सवय हवी, आणि पाळणाऱ्याच्या अंगी धीर हवा. हे काहीही न देता त्याला आखूड साखळीने अंगणात जखडले, तर तो बुजरा किंवा आक्रमक झाल्यास दोष कोणाचा?

कोरियातील निवारागृहांत आज जिंदो आणि त्यांची संकरित पिल्ले मोठ्या संख्येने आढळतात. त्यांतील कित्येकांना थेट अमेरिकेत घर शोधावे लागते. कायद्याने वंश टिकतो; त्या वंशातील प्रत्येक जीव सांभाळण्याची जबाबदारी मात्र पाळणाऱ्याचीच असते. मुक्या प्राण्याकडून जन्मभराच्या निष्ठेची अपेक्षा करणाऱ्याने आधी तितकीच निष्ठा स्वतः दाखविली पाहिजे.