घराची चतुःसीमा

बँकेत कर्जप्रकरण तपासताना घराची पहिली भेट कागदावर होते. मिळकत पत्रिका, क्षेत्रफळ, मूल्यांकन आणि चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस तमक्याची भिंत, उत्तरेस बोळ. शेजाऱ्यांचे नाव घेतल्यावाचून कोणत्याही घराची ओळख पुरी होत नाही, हे त्या रुक्ष कागदालाही ठाऊक असते. मात्र त्याचा अर्थ उमगण्यासाठी गावातून पायी हिंडावे लागते. आपल्या साधु-साध्वींना गोचरीसाठी दारोदार जाताना गावाचे जे दर्शन घडते, ते वाहनातून जाणाऱ्यास कधी घडायचे नाही.

करमाळ्यास येणारा पाहुणा बहुधा श्रीकमलाभवानीच्या दर्शनास जातो. निंबाळकर घराण्याने अठराव्या शतकात उभारलेले ते देवालय आणि तेथील शहाण्णव पायऱ्यांची विहीर पाहून तो परततो. जुन्या पेठेतील बोळांकडे त्याची पावले वळत नाहीत. वास्तविक या भागाचे हवामान आणि येथील माणसांचा स्वभाव त्या बोळांतच वाचावयास मिळतो.

आपला मुलूख कमी पावसाचा, म्हणून घरे माळवदाची. तुळयांवर लाकडी किलचा, त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर. भर वैशाखातही आत गारवा राहतो. उन्हाळ्यात याच माळवदावर कुरडया-पापड वाळतात आणि रात्री अंथरुणे पडतात. मोठ्या वाड्यास दिंडी दरवाजा, आत देवडी, मग चौक, भोवती सोपे आणि मागे परसदार. धान्यासाठी बळद, दिव्यासाठी भिंतीत देवळी. आणि या सर्वांच्या पुढे, रस्त्याला लागून, ओटा. ओटा मालकाच्या जागेत असतो, पण त्यावर बसण्यास कोणाची परवानगी लागत नाही. बाजाराहून दमून आलेली म्हातारी तेथे पिशवी टेकते, शाळकरी मुले दप्तरे टाकतात, दुपारी शेंगा फोडण्यास चार जणी जमतात.

सकाळी सातच्या सुमारास या बोळांतून चालावे. नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर कळशी-हंड्यांचा आवाज आधी कानी पडतो. एखाद्या घरी नळाच्या तोंडाशी गाळणीचे स्वच्छ फडके बांधलेले दिसते, आणि ते घर आपल्यापैकी कोणाचे हे न विचारता कळते. पुढच्या घरातून ज्वारीची भाकरी थापल्याचा ठेका ऐकू येतो. ओट्यावरचे आजोबा वर्तमानपत्रातून मान वर करून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. एखादे दिवशी ते दिसले नाहीत, तर समोरचे घर दार ठोठावते. एकट्या राहणाऱ्या वृद्धास याहून मोठा आधार कोणता?

असा शेजार जगात इतरत्रही जपला गेला आहे. मेक्सिको शहराच्या जुन्या भागात एका चौकाभोवती अनेक कुटुंबे राहतात, अशी घरे आहेत. धनिकांनी सोडलेल्या कित्येक हवेल्या तेथे खोल्याखोल्यांनी भाड्याने दिल्या गेल्या. पाणी सामायिक, कपडे धुण्याची जागा सामायिक. त्या घरांना 'वेसिंदाद' म्हणतात, आणि हा शब्द शेजारी या अर्थाच्या 'वेसिनो' शब्दावरून आला आहे. 19 सप्टेंबर 1985 च्या भूकंपात अशी अनेक घरे कोसळली, तेव्हा रहिवाशांनी संघटित होऊन दूर जाण्यास नकार दिला. अखेर सरकारला तेथील जागा ताब्यात घेऊन हजारो कुटुंबांना त्याच वस्तीत घरे बांधून द्यावी लागली.

आपल्याकडे भूकंपावाचूनच वाडे रिते होत आहेत. पायी चालताना दारांवरील कुलुपे मोजता येतात. मुले पुण्यास गेली, हे एक कारण खरे. दुसरे कारण कागदांत दडलेले आहे. आजोबांच्या नावावरील वाडा तिसऱ्या पिढीत दहा-बारा वारसांचा होतो. वाटणी झालेली नसते, वारसनोंदही अपुरी असते. स्पष्ट मालकी व सर्वांच्या सह्या नसल्यास बँक दुरुस्तीसाठी कर्ज देऊ शकत नाही, आणि पदरचा पैसा घालण्यास एकटा भाऊ धजत नाही. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पडत नाही. प्रथम ओल येते, मग तुळई कुजते. भांडण कोणाचेच नसते, तरी वाडा पडतो.

म्हणून वाचकांना विनंती, की वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवरच हे काम हाती घ्यावे. मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढावा, वारसनोंद पूर्ण करावी, वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र करणे असल्यास ते नोंदणीकृत करावे. जैन समाजासही लागू असलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. तेव्हा बहिणींना सही करण्यापुरते न बोलावता विचारविनिमयालाही बोलवावे.

आणि ज्यांना जुने घर पाडून नवे बांधावे लागेल, त्यांनी ते अवश्य बांधावे. सिमेंटशी आमचे वैर नाही. फक्त रस्त्याकडील सगळी जागा शटरला आणि गाडीला देऊन टाकू नये. चार माणसे टेकतील एवढा ओटा ठेवावा. चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावे पुढेही लिहिली जातीलच; त्या नावांची माणसे एकमेकांना ओळखणारी असावीत, एवढी व्यवस्था आपल्या हाती आहे.